पट्ट्यांची गाडी आणि परतीचा उतार

लॅपलँडमधल्या छोट्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अस्लाक आणि रिस्तेन हे म्हातारे नवराबायको चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणाऱ्या बर्फगाडीतून तीन तास उशिरा पोचले होते. नर्स हेल्मी कागद भरत होती, पण कान त्यांच्याकडेच होते.

“पट्ट्यांची गाडी म्हणजे रणगाडाच, असं म्हणत होतात ना?”

“बर्फ भुसभुशीत होता, रिस्तेन.”

“अहो, पण उतारावर आडवी वळवायची नसते. सरळ न्यायची.”

“समोर केवढा खड्डा होता. म्हणून वळवली.”

“आणि खालच्या बाजूचा पट्टा रुतला. गाडी एका कुशीवर कलली.”

“मी तासभर बर्फ उकरला की.”

“त्यातला अर्धा तास टोपी शोधत होतात.”

“गाडी निघाली ना शेवटी?”

“मी काढली. आल्या चाकोरीतूनच मागे घेतली, तिथला बर्फ दबून घट्ट झाला होता. मग नाकासमोर खाली आणली.”

“तुला त्या खड्ड्याची भीती नाही वाटली?”

“कुठला खड्डा?”

हेल्मीने पेन खाली ठेवलं. “ऑपरेशन नक्की कोणाचं आहे?”

“हिचं,” अस्लाक घुटमळत म्हणाला. “पण बाई, परत जाताना तोच उतार आहे, आणि गाडी हीच चालवणार. डोळ्यावरची पट्टी घरी पोचेपर्यंत राहू द्याल ना?”