दिंडोरीचा मेव्हणा

…अन् थुंकत्यात वो! तुमाला सांगतो, चांगली वाईन तोंडात घ्यायची, खळाखळा चूळ भरायची, डोळे मिटायचे, अन् पचकन बादलीत! आमच्या म्हशीनं तरी गिळली असती! तर कौस्तुभसाहेब म्हणं, "धाकलूकाका, गिळलं तर पुढच्या बाटलीची चव कळत नाही." हे साहेब हिंजवडीचे, मुळशीत आमच्या माले गावात बंगला बांधलाय, मी राखण करतो. परवा दोस्त बोलावले, बाटल्या मांडल्या, अन् लागले सांगाया, "नाशिकला दिवसा ऊन, रात्री गारवा, म्हणून आंबट-गोड दोन्ही जमतं. सोलापूरला ऊन कडक, म्हणून ही बघा, दाट, अंगानं जड. गावाचं आभाळ द्राक्षात उतरतं." म्हणं हवामान!

मला तवाच खोडी सुचली. आमची लिलाबाई नाशिककडच्या दिंडोरीची. लगीन होऊन आली ती ओल्या फडक्यात द्राक्षाची काडी गुंडाळून. लावली परसात. आता मुळशीचं आभाळ… दसरा झाला तरी गळतंय! पण ही बाई भावाला फोन करणार, "दादा, गोडी छाटणी झाली का?" तिकडून व्हय आलं की हितं भर पावसात वेलाला कात्री! अन् मला छत्री घेऊन उभं करणार. "अवं, फुटवा भिजतोय, छत्री तिकडं धरा!" अन् मी? मी भिजलो तर चालतंय! त्या वेलाचं नावच मी 'मेव्हणा' ठेवलं. खातो, पितो, पसरतो, काम काडीचं न्हाई! सालाला टोपलीभर द्राक्षं, तीबी अशी की पाखरं चोच पुसून जायची. औंदा शिमग्याला तिनं ती साखर घालून बरणीत भरली, अन् वैशाखात… गेली. बरणी फसफसली, निवली. मला काय झाकण उघडवंना.

परवा उघडली. गाळून नाशिकच्या रिकाम्या बाटलीत भरली, अन् दिली रांगेत सारून! म्हटलं, साहेब मान डोलवतील, "वा, काय नाशिक आहे!" अन् मी टाळी देऊन सांगीन, "लिलाबाईची हाय ही, माल्याची!" एवढंच पायजे होतं वो. एक 'वा'.

दोस्तांतल्या जुईलीबाईंनी घोट घेतला… पचक! साहेबांनी पेल्यात नाक खुपसलं, घोट फिरवला. "छे, ही नाशिकची नाहीच. या द्राक्षाला ऊन मिळालंच नाही. नुसतं पिकायची वाट बघत बसलंय बिचारं." पचक!

म्हणं हवामान! अन् बरोबर सांगितलं की वो, भांडायचं तरी कुणाशी?

टाळीला उचललेले हात तसेच खाली घेतले अन् बादली उचलली. ती रिकामी करायचं काम माझंच. नाशिक, सोलापूर, लिलाबाई, समदं एकात! कुटं वतू, सांगा? मोरीत? हात धजंना. घरी आणली, मेव्हण्याच्या बुडात वतली. बाटलीत तळाला घोटभर उरली होती, ती मी प्यालो. लई आंबट! डोळ्यांतून पाणी… पण गिळली. सगळी गिळली.

काल खऱ्या मेव्हण्याला फोन लावला. "पाव्हणं, गोडी छाटणी झाली का?" तो म्हणाला, "व्हय, झाली."

लावली कात्री. लगेच आला पाऊस, त्याला कुणी आवतान द्यावं लागतंय? छत्री धरली फुटव्यावर. अन् मी?

मी भिजलो तर चालतंय!