कृपया हात लावू नये

— नाही, नाही, आजी, त्या बाकावर नको, मुलांची बाकं ती, गुडघे अडकतील तुमचे. माझी खुर्ची घ्या. बाहेर नळावर हातपाय धुताना बघितलं मी तुम्हाला — उन्हातून चालत आलात ना? पाणी देऊ प्यायला? नको? बरं. नात आजही आली नाही? पोटात दुखतंय? पण उद्या तिला यायलाच हवं हो! उद्या दुसऱ्या शाळांतले शिक्षक येणार आहेत, खास हा कोपरा बघायला — 'धर्मपरंपरा कोपरा', अक्षरं मुलांनी कापलीत, कल्पना माझी. मुख्याध्यापक म्हणत होते, आधी गणित संपवा. मी म्हटलं, सर, शेजारी बसलेलं मूल काय मानतं हे कळत नसेल, तर भागाकार येऊन करायचंय काय? आम्हाला शाळेत इस्लाम म्हणजे इतिहासाचा एक धडा — दोन लढाया, एक घुमट, प्रश्नोत्तरं, संपलं! तेच मोडायचंय मला. वस्तूंतून शिकवायचं, हातात देऊन, स्पर्श करून —

काय बघताय? ती पाटी? 'कृपया हात लावू नये' — हो, ते जरा... कडेचे दोरे ओढायला लागली ना कार्टी, म्हणून ही सतरंजी भिंतीवर टांगली. तुमचीच ती, ओळखलीत! जानमाज. मी नातीला म्हटलं होतं, नमाजाचं काहीतरी घरून आण, तर पोरगी काखोटीला गुंडाळी मारून हीच घेऊन आली. कोपऱ्यांना टाचण्या मारल्यात फक्त — मधेही एक मारावी लागली, झोळ पडत होता. घरी दुसरी असेलच की तुमच्याकडे... चादरीवर पढताय नमाज? इतके दिवस? अरे देवा. पण आता उद्याचाच तर प्रश्न आहे, आजी, कोपऱ्यातली एवढीच वस्तू अस्सल आहे, बाकी सगळा पुठ्ठा.

आणि नातीचं म्हणाल — रागावू नका, पण ती या विषयात जरा कच्ची आहे. होय, याच विषयात, मलाही नवल वाटलं. चाचणीत विचारलं होतं, दिवसातला पहिला नमाज केव्हा? हिनं लिहिलं, 'दादी उठवते तेव्हा.' गोड आहे, पण अर्धाच गुण दिला मी, 'पहाट' हा शब्द हवा होता. मग म्हटलं, लिहिता येत नसेल तर पुढे येऊन करून दाखव. तर मान खाली घालून उभी. मी धीर दिला — घाबरू नकोस, तक्त्यात बघून कर, सगळी चित्रं क्रमाने लावलीत. मुलं हसली. वाईट नाहीत हो, हसतात आपली. मी लगेच दटावलं — हसता काय, आज ती आपली पाहुणी आहे! म्हणजे... पहिलीपासून याच वर्गात आहे ती, ठाऊक आहे मला. मानानं म्हटलं मी. काय? पोट तेव्हापासून दुखतंय? त्याच दिवसापासून? ...काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल.

घड्याळाकडे का बघताय सारखं? कंटाळलात. माझी आई म्हणते, तुझ्या तोंडाला लगाम नाही, समोरच्याला हूं म्हणायलाही जागा ठेवत नाहीस. तर ऐका, उद्या फक्त पाच मिनिटं तिनं — अहो, उठलात का? थांबा, टाचण्या! बोटाला लागेल! आजी, अहो, ही घेऊन गेलात तर उद्या मी तिथे काय टांगू? पाहुण्यांना काय रिकामी भिंत दाखवू? निदान — अंथरताय? इथे? आत्ता?

बरं. मग बाणाकडे तोंड करा, खडूनं मक्केची दिशा आखलीय बघा खाली. फळ्याकडे — म्हणजे मागच्या बाकांवरून दिसावं म्हणून तिकडे घेतली. नको? खिडकीकडे? पण वर्गात सगळ्यांना फळ्याकडेच शिकवलंय हो मी! आणि आजी, तक्त्यात पहिलं चित्र हातपाय धुण्याचं आहे, ते राहिलं तुमचं, त्याशिवाय —

नळावर.

...

ए, कोण आहे दाराशी? डिंक तिथेच ठेवा. आत नाही यायचं. नाही, मी काही शिकवत नाहीये. श्शू.