सोबत कोण हाय?

बसा सगळे. पुढच्यांनी जरा सरकून घ्या, मागं बाया उभ्या हायत. लेकरं मांडीवर घ्या. ज्यांना मराठी कळत न्हाई, त्यांना शेजारच्यांनी सांगा. हळू सांगा.

मला बोलायची सवय न्हाई. मी पोळ्या लाटणारी बाई. माझ्या आधी सरपंच बोलले, कंपनीतले साहेब बोलले, चांगलं बोलले. मग मला म्हणले, कमलबाई, तुमी घरच्या, तुमी दोन शब्द बोला. म्हणून उभी राहिले. काल दहावा झाला. मला अजून रडू आलेलं न्हाई. बाया म्हणत्यात, कमल दगड झाली. झाली असंन. सकाळी उठते, कणीक मळते, डबे मांडते, आणि डबे भरायला घेतले की ध्यानात येतं, भात केलाच न्हाई. भात त्या करायच्या.

ज्यांना ठाऊक न्हाई त्यांच्यासाठी सांगते. यमुनाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई. सुप्याला एमआयडीसीच्या गेटाबाहेर आमची दोघींची खानावळ, हीच, जिच्या शेडात तुमी बसलाय. तुमी सगळे त्यांना मावशी म्हणता. कुणाकुणाला तर त्यांचं नावबी ठाऊक नव्हतं. परवा एक जण हार घेऊन आला आणि मला विचारतो, "मावशी का नाम क्या था?" मी सांगितलं, यमुनाबाई. तो "अच्छा" म्हणला, हार घातला आणि हात जोडून परत मावशीच म्हणला.

त्या मावशी कशा झाल्या, ते तुमच्यातल्या नव्यांना ठाऊक नसंल.

लई वर्षं झाली त्याला. बिहारहून एक माणूस आला हुता, राजेंद्र नावाचा. नवाच हुता, त्याला गावातली दुकानंसुदीक ठाऊक नव्हती. जेवायला बसला आणि ताटावरच कापायला लागला. हात लावला तर चटका बसावा एवढा ताप. कामावरचे म्हणले, खोलीवर जा, झोप. जाऊबाई हात पुसत उठल्या. मला म्हणल्या, "कमल, भाताचं आधण ठेव, मी आले." आणि त्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या.

तिथं केसपेपरच्या खिडकीत पहिलं काय विचारत्यात? सोबत कोण हाय? चूक न्हाई त्यांची. माणूस भरती केलं, नगरला हलवायची वेळ आली, तर सही कोण करणार? धरून कोण नेणार? आपल्याकडं एक जण आजारी पडला तर चार जण दवाखान्यात जात्यात, दोन जण उगंच जात्यात. पण जो कालच गाडीतून उतरलाय, त्याचं इथं कोण हाय? त्याला सांगत्यात, घरचं माणूस घेऊन या. घरचं माणूस हजार कोसांवर. मग तो खोलीवर येतो आणि पडून राहतो. असे किती पडून राहिले असतील, देव जाणे.

तर खिडकीतून विचारलं, सोबत कोण? जाऊबाईंनी मागं वळून बघितलं. मागं कुणीच नव्हतं. मग त्या म्हणल्या, "मी हाय. त्याची मावशी."

खिडकीतला माणूस हसला. म्हणला, "बाई, हा बिहारचा, तुमी सुप्याच्या. मावशी कशा काय?"

जाऊबाई म्हणल्या, "माझी बहीण लांब दिली हुती."

झालं. राजेंद्र भरती झाला, बरा झाला, आणि त्यानंतर जाऊबाईंना बहिणीच बहिणी निघाल्या. ओडिशात निघाल्या, झारखंडात निघाल्या, यूपीत तर शेजारी शेजारी दोन. खिडकीतला माणूस म्हणायचा, "मावशी, तुमच्या वडलांनी एवढ्या पोरी लांब का हो दिल्या?" त्या म्हणायच्या, "लई हुतो बाबा आमी. जवळ पोरं पुरली न्हाईत." हसू नका म्हणत न्हाई मी. हसा. त्यांना आवडलं असतं.

मी मात्र भांडायची. "आधण ठेव, मी आले," एवढं ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. आधण माझं, पोळ्या माझ्या, डबे माझे, आणि ह्या चालल्या बहिणीचं पोर घेऊन. एकदा मी फाडकन विचारलं, "एवढाली बापय माणसं, स्वतःचं दुखणं स्वतः सांगता येत न्हाई व्हय त्यांना? हिंदी तर डॉक्टरलाबी येती." त्या तांदूळ निवडत हुत्या. मान वर न करता म्हणल्या, "बरं असताना सगळं सांगता येतं, कमल. आजारी पडलं की माणसाला स्वतःचं सांगता येत न्हाई. कितीबी बोलका असू दे. त्याचं दुसऱ्यानं सांगावं लागतं. त्यालाच सोबत म्हणत्यात." मी म्हणलं, व्हय व्हय, लई शाण्या तुमी, तांदूळ धुवा आता.

ते मला आता रोज ऐकू येतं.

त्या दिवशीचं सांगते. सगळ्यांनी अर्धंमुर्धं ऐकलंय, गावात चार तऱ्हा झाल्यात, म्हणून एकदाच नीट सांगते. सकाळची डब्यांची घाई हुती. त्या म्हणल्या, "आधण ठेव. जरा दवाखान्यात जाऊन येते." मी ठेवलं. कुणाला घेऊन चाललात, हे मी विचारलंबी न्हाई. कोण विचारतंय? रोजचंच हुतं.

पुढचं मला दवाखान्यातल्या वॉचमननं सांगितलं, बबनतात्यांनी. ते बसलेत तिथं खांबापाशी. जाऊबाई गेल्या आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसल्या. सोबतीच्या माणसांचा बाक तो, त्यांची ठरलेली जागा. तात्या म्हणले, "मावशी, आज कोणाला आणलंय?" त्यांनी नुसता हात हलवला. सिस्टर जाता जाता म्हणल्या, "मावशी, तुमचा पेशंट गेला का आत?" त्यांनी मान हलवली. आल्यागेल्यानं राम राम घातला. कुणी चहा घेता का विचारलं. शेजारी एक बाई येऊन बसली, नवीनच आलेली, कडंवर तापलेलं पोरगं. जाऊबाईंनी तिला खुणंनं खिडकी दाखवली. बाई गेली. जाऊबाई बसून राहिल्या.

गर्दी सरली. तात्या बाकाखालून झाडू मारायला आले. म्हणले, "मावशी, पेशंट कुठाय तुमचा? सगळे तर गेले."

जाऊबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला. म्हणल्या, "मीच."

मग सगळे धावले. तात्या धावले, सिस्टर धावल्या, डॉक्टर हातातलं टाकून आले. मी कुणाला बोल लावीत न्हाई. तात्या, तुमी रडू नका. तुमच्या जागी मी असते तर मीबी तेच विचारलं असतं. हितं बसलेल्या प्रत्येकानं तेच विचारलं असतं. एवढी वर्षं त्या बाकावर त्या दुसऱ्याच्या दुखण्यासाठी बसल्या. त्यांना काही दुखत असंल, हे कुणाच्या मनात येणार? आणि त्यांनी तरी का सांगितलं न्हाई? एवढी बोलकी बाई. मी दहा दिवस हेच दळतीये. मग त्यांचंच बोलणं आठवतं. आजारी माणसाला स्वतःचं सांगता येत न्हाई. एवढ्या माणसांत त्यांचं सांगायला त्यांच्याशेजारी कुणी नव्हतं.

मला फोन आला. मी पोचले तवा नगरला न्यायची गाडी लागली हुती. सिस्टर कागद घेऊन आल्या आणि सवयीनं विचारलं, सोबत कोण हाय? मी म्हणलं, मी. त्यांची जाव. एवढ्या वर्षांत त्या दवाखान्यात मी ते पहिल्यांदा म्हणलं. गाडीत त्यांनी माझा हात धरला हुता, घट्ट धरला हुता. नगरच्या अलीकडं केडगाव यायच्या आत तो सैल झाला. मी तसाच धरून बसले. मला तवाबी रडू आलं न्हाई. मला वाटत हुतं, घरी आधण ठेवलंय, गॅस बंद केलाय का न्हाई.

आता साहेब म्हणले, दवाखान्यात मावशींचा फोटो लावू. लावा. चांगला लावा. पण फोटोला सही करता येत न्हाई.

मागं भिंतीला टेकून सबिता बसलीये. उठू नको गं, बस. ओडिशाची हाय. नवरा इथं कामाला लागला आणि ती पोट घेऊन त्याच्यामागं आली. दवाखान्यात नाव तिकडं गावी लावलंय आणि बाळंतपण इथं. गेल्या सोमवारी जाऊबाई तिला तपासायला नेणार हुत्या. तो सोमवार तसाच गेला. ती एकटी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली आणि परत आली. मला काल तिच्या नवऱ्यानं सांगितलं. तिला सारखी चक्कर येती, पाय सुजलेत. मला त्यातलं काही कळत न्हाई. जाऊबाईंना कळायचं असंबी न्हाई. त्या फक्त संगं जायच्या.

उद्या सकाळी मी तिला घेऊन जाणार हाय. खिडकीत विचारतील, सोबत कोण? काय सांगायचं, ते मी घरी म्हणून बघितलं. मावशी म्हणता येईना. ते नाव त्यांचं. मी सांगंन, मावशीची जाव. त्यांनी मानलं तर मानलं. आणि तुमच्यातल्या कुणालातरी उद्या भाताचं आधण ठेवावं लागंल. मी काही नाव घेऊन सांगत न्हाई. शेडाची कडी उघडी असती.

जाऊबाई, एवढंच हाय. दुसरं मला बोलता येत न्हाई.

आता आपण सगळे थोडा वेळ गप राहू. साहेब, उठू नका. कुणीच उठू नका. बसूनच राहा. त्याबी बसूनच हुत्या.