नागपूर किती लांब?

आमच्या शेलूबाजारच्या शेतात एकदा विमान उतरलं होतं, असं सांगितलं तर आजही कोणी खरं मानत नाही. इंग्रजांचा काळ होता. आम्ही सगळे कापूस वेचत होतो आणि हे धूड शेताच्या पडीत भागात दणकन येऊन टेकलं. आतून वाट चुकलेला पायलट उतरला.

"काका, नागपूर किती लांब?"

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विमान खालीवर नीट पाहिलं. "बैल दमले नाई तं चार दिस. घाई काहून करून राह्यले? भाकर खाऊन जा."

"चार दिवस कसले? तासाभराचं काम आहे," तो हसला. "येता का? एक जागा रिकामी आहे."

आई हरखलीच. माझी बहीण नागपुरात दिलेली, लग्नानंतर भेटच नव्हती. "जा ना! पोरीले पाहून या!" म्हणत ती आबांना विमानाकडे ढकलायलाच लागली.

आबा मात्र घाबरे झाले. पायलटला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, तासाभराचं हाये हे तिथं कोणाले सांगू नका. आमचे व्याही रोज जेवाले येतीन!"