कागदाची हिरवी साडी

—हात नका लावू त्या राखेले! नाही, बाल्टी ठेवा खाली आधी, टिकाराम काका. झालं नं तुमचं? इझवलं नं? जा आता, अख्ख्या बालाघाटात सांगून या— टोनही पकडली, चेटकीण पकडली, करणी इझवली! अन् ‘कुशल बेटा’ नका म्हणू मले. आंगणात काय जळून राह्यलं होतं, माहीत तरी हाय का? साडी. कागदाची. हसता काहून? पतंगीच्या कागदाची हिरवी साडी, काठ चॉकलेटच्या पन्नीचा— लानआई किती रोज चिकटवत बसली, तुमाले काय त्याचं!

हौ, लान तिचं नाव, पण आईच म्हणतो मी तिले. काहून नाही म्हणू? बाबा कंबोडियाले राईस मिलच्या मशिनी बसवाले गेलते, तिथून तिले लगन करून आणलं. व्हिएतनामी हाय थे, पण जन्मली कंबोडियातच, तलावावर, नावेतल्या घरात. तिकडचे म्हणत, तुम्ही इथले नोहे. इकडं तुम्ही तेच म्हणता. मंग तिनं रहावं कुठं, हवेत?

करणी-बिरणी काही नाही. त्याइच्यात मेलेल्या माणसाच्या तिथीले असंच करतात— फोटोपुढं ताट ठेवाचं, उदबत्ती लावाची, उदबत्ती संपली म्हणजे त्याचं जेवण झालं, मंग आपलं. अन् कागदाचे कपडे जाळले का तिकडं पोचतात. खरंच पोचतात का? मले काय माहीत! आपण कावळ्याले ठेवतो थे पोचते का? तुमचा बाप कावळा होऊन वडा घेऊन उडाला, तवा मी काही बोललो? हसलो असन. बोललो नाही.

तिथी कोणाची? कोणाची म्हणजे— जाऊ द्या नं. तुमाले काय कराचं? …माह्या आईची. हौ, सुनीतीची! ‘वहिनी, वहिनी’ करत शेजारून येऊन जिच्या हातचा चहा रोज ढोसत होते, तिची. बाबाचं दुसरं लगन झालं तवा आत्यानं तिचा फोटो पेटीत टाकला— नव्या बाईपुढं जुनीचा नको म्हणे. कोणी काढला मंग? मी नाही, बाबानं नाही. लानआईनं. पुसला, अन् आपल्या मायबापाच्या फोटोशेजारी मांडला. मले विचारे, तुह्या आईले रंग कोणता आवडे? हिरवा, म्हटलं. अन् पायाचं माप? …मले आठवेच नाही. आईच्या पायाचं माप, काका! बाबालेही आठवे नाही. मंग तिनं माहाच पाय कागदावर ठेवून चपला कापल्या. म्हणे, पोरगा आईवरच गेला असन.

चपला आधी जाळल्या, त्या पोचल्या असतीन. साडी अर्धीच जळली, अर्धी तुमच्या पाण्यात. आता थे तिकडं अर्ध्या साडीत— चूप! एक शब्द नका बोलू. रडून नाही राह्यलो मी, धूर हाय. इझवल्यावरही राहते धूर! स्कूटरीच्या सायलेन्सरमंदी बटाटा मी कोंबला नव्हता तुमच्या— म्हणजे कोणी कोंबला मले माहीत नाही— पण आता पाहाच तुम्ही.

काय? ऐकलं, आतून काय म्हणून राह्यली लानआई? काकाले पान वाढलं म्हणे. या दिवशी दारी आलेल्याले उपाशी धाडत नाहीत, त्याइची रीत हाय. माह्या हाती असतं तं फाटकाबाहेर लोटलं असतं तुमाले, बाल्टीसगट! पण माही आई असती तं तिनंही हेच—

जा. आत जा. पोटभर जेवा. अन् मान खाली नका घालू, तिच्या फोटोकडं पाहून जेवा.