रविवारचा तयार संदेश

साईटचं नाव तेवढं सांगा म्हणतेस — एक कशाले, सहा सांगन. अमेरिकेची आहे, केरळवाल्यांची आहे, हिंदीतली आहे. कोणत्या रविवारी बायबलातलं कोणतं वाचन, तारीख दाबली का सगळं समोर — तीन मुद्दे, शेवटी प्रार्थना, मधात रडवणारी एक गोष्ट. मराठीही मोबाइलच करून देते. पण वैभवी, मले आता त्याची किळस येते. बस. येत्या रविवारी चर्चात पहिल्यांदा संदेश देऊन राहिली ना तू, मंग ऐकून घे.

पाळकसाहेब रायपूरहून महिन्यातून एकदा येतात, बाकीचे रविवार माह्याकडे — प्लांटमधून रिटायर झालो तवापासून. पहिले मी बुधवारपासून वाचन घेऊन बसो. मंग जावयानं, ईशाननं, ह्या साईटा दाखवल्या, आन् शनिवारी दुपारी पाच मिनिटांत मी मोकळा. लोक म्हणत, सूर्यकांत ब्रदर, काय तयारी आहे तुमची — मी मान खाली घालो. नम्रतेनं नाही, तसं दिसावं म्हणून.

यंदा ईस्टरच्या आधी उधळ्या पुत्राचं वाचन आलं — धाकटा पोरगा सारं उडवून घरी येते, बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडते, ते. साईटवर कोण्या परदेशी पाळकानं आपल्या भावाची गोष्ट लिहिली होती — भाऊ दारुडा, कैक वर्षं बेपत्ता, एक दिवस दारात आला न् हा पाळक अनवाणी धावला. मी फक्त नाव बदललं. बळीराम टाकलं. कावून टाकलं? खरं वाटावं म्हणून — माह्या सख्ख्या भावाचंच नाव ते.

तू त्याले तवा नाही पाह्यला. मायच्या मातीले पिऊन आला, कबरीपाशीच पडला, मी कॉलर धरून साऱ्यांसमोर बाहेर काढला. मंग नऊ वर्षांनी नागपूरहून आला एकदा, इथं, नेहरू नगरात — मी आतल्या खोलीत बसलो न् तुह्या काकूले, कमलाले, म्हटलं, सांग घरी नाहीत. माही स्कूटर अंगणात उभी. त्यानं पाह्यली असन, नाही कशी पाह्यली असन — पाणी पेला न् गेला. आन् त्याच माणसाचं नाव घेऊन मी मंडळीसमोर सांगतो, का मी अनवाणी धावलो. बाया रडल्या. अंजनाबाईनं येऊन माहा हात धरला. कमला मात्र एकटीच घरी निघून गेली.

कोणीतरी त्याचं रेकॉर्डिंग आपल्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते नागपूरच्या मंडळीत गेलं, तिथून — कसं, मले माहीत नाही — त्याच्या मोबाइलवर. बुधवारी सकाळी बळीराम फाटकाशी. हातात कपड्यांची थैली, अंगानं अर्धा झालेला. म्हणे, “भाऊ, तीनदा ऐकलं. असं तर कधी झालं नोतं — पण म्हटलं, तुह्या मनात असन.”

माणसानं काय करावं अशा वेळी? धावावं ना? माहे पाय हलले नाही, वैभवी. चोरी पकडली गेल्यासारखा उभा राह्यलो. फाटक कमलानं उघडलं. तवापासून मागच्या खोलीत आहे तो — दारू सुटली, पण लिव्हर गेलं. लोक म्हणतात, पाहा, ब्रदरचा संदेश कसा फळाले आला. पण त्याले बोलावलं ते शब्द माहे नाहीत — दुसऱ्याच्या भावाची माया उचलून आपल्या भावाले लावली मी. आन् हे त्याले अजून सांगितलं नाही. कमलाले तरी कुठं सांगितलं. तुलेच सांगून राहिलो, कावून, कोण जाणे.

काल संध्याकाळी म्हणे, ते वाचन मले वाचून दाखव, मोबाइलवरून नको, पुस्तकातून. वाचलं. शेवटी मोठा भाऊ रागानं बाहेर उभा असते, बाप त्याले आत चल म्हणून विनवते — आन् तिथंच संपते. मी पुस्तक मिटलं. बळीराम म्हणे, “मंग तो आत गेला का?” लिहिलंच नाही त्यात. मी म्हटलं, माहीत नाही. त्यानं पुस्तक माह्या हातून घेतलं न् ते शेवटचं पान पुन्हा उघडलं — ते शब्द चोरीचे, हे त्याले कळलं असन का? का पहिल्या दिवसापासूनच ठाऊक आहे —

जाय तू आता. मागच्या खोलीत तो उठला.