उलट्या पँटीतल्या दोन फेऱ्या

…आणि वर मलाच विचारतात, ‘मावशी, उलटी पँट घालून घोड्यावर बसायची ही कुठली नवी फॅशन?’ फॅशन! तुम्हाला सांगते, पस्तीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय मी, पण कापडाची उलटी बाजू कधी गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू दिली नाही. आणि त्या रविवारी अख्ख्या गल्लीसमोर… जाऊ दे. मला नुसतं घोड्यावर बसायचं होतं हो!

आता तुम्ही म्हणाल, या वयात? अहो, माझ्या शिलाई मशीनसमोर खिडकी आहे, खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे घोडेस्वारी शिकवायचं मैदान. अकरा वर्षं मी मान वर केली की समोर ती! तपकिरी घोडी, कपाळावर पांढरा ठिपका, तिला सगळे ‘आजीबाई’च म्हणतात. नवशिक्यांना तिच्यावरच बसवतात, कारण ती कधी चिडत नाही. रोज वाटायचं, एकदा, फक्त एकदा तिच्या पाठीवर बसावं. पण आज अमकीचा ब्लाउज, उद्या तमक्याची पँट… अकरा वर्षं गेली! आणि मागच्या महिन्यात तिथली शिकवणारी मुलगी बाह्या आखूड करून घ्यायला आली आणि सहज बोलून गेली, ‘आजीबाई या महिनाअखेरीला निवृत्त. लांब कुरणात पाठवतोय.’ माझ्या हातातली कात्रीच थांबली. म्हणजे उरले किती? चार रविवार!

पहिल्या रविवारी गेले. ढगळ पायजमा, गळ्यात लांब स्कार्फ, पायांत सपाता. मुलीने डोक्याला हात लावला. ‘मावशी, हा स्कार्फ अडकला तर? हा पायजमा रिकिबीत गुंतला तर? या सपाता?’ अगं, रिकीब म्हणजे पाय ठेवायची ती कडीच ना, तिच्यात काय काय गुंतणार! पण नाही म्हणजे नाही. परत.

घरी आमची नणंद, तिला सगळ्यातलं सगळं कळतं! ‘वहिनी, घट्ट हवं ना? माझी व्यायामाची पँट घ्या.’ आणि आमच्या ह्यांनी प्रेमाने आपले बागकामाचे गमबूट दिले. दुसरा रविवार! ती पँट इतकी गुळगुळीत की मैदानातल्या लाकडी घोड्यावर बसवून बघितलं, तर मी या बाजूने चढले की त्या बाजूने खाली! आणि बुटांचे तळवे एवढे खाचाखाचांचे की पाय कडीत गेला तो बाहेरच येईना. ‘बूट गुळगुळीत तळव्याचे हवेत, छोटी टाच हवी,’ मुलगी म्हणाली, ‘आणि पँट घसरणारी नको.’ म्हणजे खाली गुळगुळीत हवं आणि वर नको! मला नुसतं घोड्यावर बसायचं होतं हो!

म्हटलं, बास. शिवणारी मी आहे ना? मीच शिवते! तिसरा रविवार गिऱ्हाइकांनी खाल्ला, कबूल आहे. पण चौथ्याला पँट तयार! जाड, लवचिक कापड, आणि जिथे पँट पहिल्यांदा उसवते, मांड्यांच्या आतल्या बाजूला, तिथे दुहेरी टीप, त्यावर पट्टी, पट्टीवर पुन्हा टीप. हत्तीने ओढली तरी उसवणार नाही! मी ताठ मानेने मैदानात. मुलीने त्या शिवणीवर बोट फिरवलं आणि तिचा चेहराच पडला. ‘मावशी… मांडी आणि खोगीर घासतात ते नेमकं इथेच. तासाभरात कातडी सोलून निघेल. इथे शिवणच नको असते हो!’

काय सांगू तुम्हाला! पस्तीस वर्षांचं कसब, तेही नेमकं नको तिथे! मुलीची पँट मागावी तर ती माझ्या एका पायालाही पुरली नसती. समोर आजीबाई उभी, खोगीर चढवलेलं, आणि दुपारी तिला न्यायला गाडी येणार. मुलगी हळूच म्हणाली, ‘उलटी घालता? शिवण बाहेर जाईल. दोन फेऱ्या निभतील.’

उलटी! आत काय काय होतं माहितीये? खडूच्या खुणा, लोंबणारे दोरे… आणि खिशांच्या पिशव्या! एक फुलाफुलांची, एक चौकडीची. उरलेल्या कापडांतून शिवलेल्या. आणि कुंपणाशी जमलेल्या गल्लीत कोण उभं? बँकेतल्या बाई! ज्यांना मी दोन महिन्यांपूर्वी म्हटलं होतं, ‘कापड कमी पडलं हो, बाह्या आखूडच होतील.’ ती फुलं त्यांचीच!

पाय मागे आला माझा. खोटं कशाला बोलू? पण आजीबाईने मान वळवून बघितलं, आणि मी म्हटलं, जाऊ दे अब्रू.

चढले! अहो, काय ऊब असते त्या अंगाला! मुलगी ओरडतेय, ‘टाच खाली, टाच खाली!’ आणि माझे पाय बापडे सवयीने मशीनचं पायडल हलवल्यासारखे हलतायत, आणि आजीबाईला वाटतंय मी तिला चल म्हणतेय, म्हणून ती निघाली! दोन्ही बाजूंना खिसे लोंबतायत, कुंपणावरून आवाज, ‘अहो, ते कापड माझं!’ आणि मी आजीबाईच्या मानेवर हात ठेवून ढसाढसा रडतेय. पहिल्यांदा मैदानातून माझी खिडकी बघितली. केवढीशी आहे हो ती!

दोन फेऱ्या. मग गाडी आली.

बँकेतल्या बाईंना नव्या बाह्या जोडून दिल्या, खिसा कापूनच. पँटही नव्याने शिवली, आत शिवण नाही, बूटही आणले, छोट्या टाचेचे. सगळं अगदी जसं हवं तसं! खिडकीतून बघावं तर मैदानात एक तरणा पांढरा घोडा उड्या मारतोय. त्याच्यावर कोण बसणार! मग मी रोज सकाळी ती पँट चढवते, बूट घालते आणि मशीनपुढे येते. हे विचारतात, ‘हे एवढं सगळं घालून काम कशाला?’ काय सांगू ह्यांना? मला नुसतं घोड्यावर बसायचं होतं हो… आता स्टुलावर बसते. तेही पायडलवर टाच खाली दाबून, त्यामुळे मशीन काही पुढे सरकत नाही.